उंची आहे, पण जिना कुठाय?

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण सिस्टर्सच्या शाळेत झालं. वर्गात मराठी बोललं की दंड व्हायचा, त्यामुळे माझं मराठी घरचं, गल्लीतलं आणि एस.टी.तलं. शुद्धलेखन तपासायची जबाबदारी संपादक मंडळाने घेतलीय, म्हणून पेन उचलायचं धाडस केलं. विषय मात्र माझ्या हक्काचा आहे. बास्केटबॉल! आणि त्यातही, हा खेळ खेळायला देश सोडून जाणारा खेळाडू.

आपल्या कॉलेजात ‘बाहेर जाणं’ हा कॅन्टीनमधला कायमचा विषय. थर्ड इयर संपायच्या आत जीआरईची पुस्तकं येतात, सिनियर्सकडून युनिव्हर्सिट्यांची यादी येते, बँकेत एज्युकेशन लोनची चौकशी सुरू होते. कुणाला ॲडमिशन मिळाली की घरात पेढे आणि वाडीला नारळ. (मी कुरुंदवाडची. आमच्याकडे काहीही चांगलं झालं की आधी पूल ओलांडून नरसोबाच्या वाडीला जायचं असतं.) पण समजा तोच मुलगा म्हणाला, "मी बाहेर चाललोय, बॉल खेळायला," तर? पहिला प्रश्न येणार, "खेळून पोट भरतं का?" आणि दुसरा, "नाही जमलं तर?"

गंमत बघा, एम.एस.ला जाणाऱ्याला हा दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. का? तो जास्त हुशार असतो म्हणून? मला तसं वाटत नाही. त्याच्या पायाखाली जिना असतो. एक पायरी निसटली तर खालच्या पायरीवर उभं राहता येतं. खेळाडूला मात्र आपण जमिनीवरूनच सांगतो, मार उडी!

सतनामसिंग भामराची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्यातलं बल्लो के हे त्याचं गाव. जन्म १९९५ चा. वडील शेतकरी आणि तेही सात फुटांच्या वर उंच. त्यांनाही लोक सांगायचे की तुम्ही बास्केटबॉल खेळा, पण घरच्यांनी शेतीसाठी थांबवून घेतलं. मुलाच्या बाबतीत मात्र त्यांनी तसं होऊ दिलं नाही. पोरगा लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत गेला. २०१० साली, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्ती मिळून तो थेट अमेरिकेत फ्लोरिडाला आयएमजी अकादमीत पोचला. इंग्रजी जेमतेम, जेवण वेगळं, घर हजारो मैल लांब. आपण होस्टेलला आल्यावर पहिल्या महिन्यात मेसच्या आमटीवरून रडलो होतो, ते आठवा!

२५ जून २०१५ ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला घेतलं. एकूण ६० नावं पुकारली जातात, त्यात हा ५२ वा. एनबीएने ड्राफ्टमध्ये निवडलेला भारतातला पहिला खेळाडू. वय १९. पेपरांनी पहिल्या पानावर फोटो छापले, ‘एक अब्जात एक’ वगैरे मथळे आले. पुढच्याच वर्षी त्याच्यावर एक डॉक्युमेंटरीही निघाली.

पण ड्राफ्ट म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणी नीट सांगितलं नाही. पहिल्या फेरीत निवड झाली की कराराचे पैसे पक्के असतात. दुसऱ्या फेरीतल्याला तशी हमी नसते. आपल्या भाषेत सांगायचं तर शॉर्टलिस्टमध्ये नाव लागलं, पण ऑफर लेटर हातात नाही. सतनाम दुसऱ्या फेरीतला. मॅव्हरिक्सच्या मुख्य संघाकडून तो एनबीएचा एकही सामना खेळला नाही. दोन हंगाम तो टेक्सास लेजंड्स या त्यांच्या खालच्या लीगमधल्या संघात होता आणि तिथेही बराच वेळ बाकावर. २०१७ ला तो परत आला. मग कॅनडातल्या लीगमध्ये एक हंगाम. २०१९ च्या शेवटी उत्तेजक द्रव्य चाचणीत नमुना पॉझिटिव्ह आला. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही असं त्याचं म्हणणं होतं, पण दोन वर्षांची बंदी बसली. २०२१ ला त्याने अमेरिकेतल्या एका व्यावसायिक कुस्ती कंपनीशी करार केला. २०२२ पासून तो टीव्हीवरच्या रिंगणात दिसला.

ही गोष्ट सांगणारे दोन प्रकारचे लोक मला भेटतात. पहिले २०१५ वर थांबतात आणि म्हणतात, "बघा, भारतीय कुठे पोचला!" दुसरे शेवटापासून सुरू करतात आणि म्हणतात, "बघा, शेवटी काय झालं!" मला दोघांचंही पटत नाही. चौदाव्या वर्षी गावातून उठून जो मुलगा ड्राफ्टपर्यंत गेला त्याला अपयशी म्हणणं हा अन्याय आहे. आणि त्याच्या एकट्याच्या उडीला भारतीय बास्केटबॉलची प्रगती म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक आहे.

कारण उडीच्या आधी काय होतं ते बघा ना. सात फुटी मुलाला रोज सरावात समोर दुसरा सात फुटी मुलगा लागतो. तो त्याला लुधियानात कुठून मिळणार? वर्षाला पन्नास-साठ सामने लागतात. एनबीएचा एक संघ नुसत्या साखळी फेरीत ८२ सामने खेळतो. आपल्या मुलींच्या टीमने गेल्या वर्षी किती खेळले माहितेय? दोन! झोनल बाद पद्धतीची असते. पहिला जिंकलो, दुसरा हरलो, संपलं वर्ष. मग सबमिशन, ओरल्स आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवीन मुली. दोन सामन्यांत कुणाला काय शिकता येतं? दोन प्रॅक्टिकल करून कुणी इंजिनियर झालंय?

आता जिना असला की काय होतं ते बघू. लिथुआनिया नावाचा देश आहे, लोकसंख्या तीस लाखांच्या आत. म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा कमी (आपण २०११ च्या जनगणनेत ३८ लाखांच्या पुढे). तिथला आर्विदास साबोनिस कौनास शहरातल्या क्लबमधून वर आला. १९८६ ला पोर्टलँडने त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं, पण तो लगेच गेला नाही. आधी आपल्या क्लबकडून खेळला, १९८९ ला स्पेनला गेला, तिथे सहा वर्षं काढली आणि मग १९९५ ला, वयाच्या तिसाव्या वर्षी, पोर्टलँडकडून एनबीएत उतरला. घरचा क्लब, मग युरोप, मग अमेरिका. एकेक पायरी. चीनचा याओ मिंगही तसाच. १९९५ ला चीनने स्वतःची लीग सुरू केली. याओ त्या लीगमध्ये शांघायकडून खेळला, २००२ ला संघाला विजेतेपद मिळवून दिलं आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. आपल्याकडे यूबीए नावाची लीग २०१५ ला सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली. इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगचे सामने सुरू व्हायला २०२२ उजाडलं. सतनाम ड्राफ्टमध्ये निवडला गेला तेव्हा आपली लीग काही महिन्यांची तान्ही होती!

तरी आपली माणसं गेलीच. केरळची गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली आणि २०११ ला अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएतल्या तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. अमज्योत सिंग जपानमध्ये खेळून आला. विशेष भृगुवंशीला २०१७ ला ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड संघाने सरावासाठी करारावर घेतलं. यांच्या मागे काय होतं? बहुतेकांच्या बाबतीत एखादी सरकारी नोकरी. आपल्या देशात ‘व्यावसायिक बास्केटबॉलपटू’ म्हणजे रेल्वे, ओएनजीसी, सेनादल किंवा पोलीस यांच्या संघातला कर्मचारी. पगार नोकरीचा, खेळ त्याच्यासोबत. ही सोय वाईट नाही, तिने हजारो घरं चालवलीत. पण परदेशी जायचं म्हणजे त्या नोकरीवर रजा टाकून जायचं. कोण टाकेल? आपल्यातला कोण कायमची नोकरी सोडून तीन आठवड्यांच्या ट्रायलला जाईल? हात वर करा!

इथे मला एका इंजिनियरची आठवण होते. नाव मराठी आहे, विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, १९५७ चा. त्याला एमआयटीत जायचं होतं. (पुण्याची नव्हे, बोस्टनजवळची!) त्या काळात परदेशी शिकायला लागणारं परकीय चलन सरकारच्या परवानगीशिवाय मिळत नसे, तर हा पठ्ठ्या रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या ऑफिसबाहेर ठाण मांडून बसला आणि परवानगी घेऊन उठला. तिकडे इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग केलं, शेअर बाजाराचे व्यवहार कॉम्प्युटरवर आणणारं सॉफ्टवेअर बनवलं, टिबको ही कंपनी काढली. मुलीच्या शाळकरी टीमला कोचिंग करायची वेळ आली तोपर्यंत हा माणूस कधी बास्केटबॉल खेळलाही नव्हता. आणि २०१३ ला तो सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीए संघाचा मुख्य मालक झाला! ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने मुंबईत वरळीला झाले, तेव्हा त्यातला एक संघ त्याचाच होता.

म्हणजे हिशोब असा झाला. मराठी नावाचा माणूस एनबीएत पोचला, पण कोर्टवरून नाही, मालकाच्या खुर्चीवरून. पोचला कशाच्या जोरावर? जिद्द होतीच, पण जिद्द सतनामकडेही होती. फरक असा की गणित जगात सगळीकडे तेच असतं. मुंबईत शिकलेलं कॅल्क्युलस बोस्टनला चालतं, आणि ते शिकवणारी शाळा, परीक्षा घेणारं बोर्ड, मार्क बघून प्रवेश देणारी युनिव्हर्सिटी ही साखळी आधीच जोडलेली होती. रणदिव्यांच्या वाटेत एक दरवाजा बंद होता, तो त्यांनी बसून उघडला. सतनामच्या वाटेत दरवाजे नव्हतेच, नुसती भिंत होती.

आता कुणी म्हणेल, कोल्हापूर-सांगलीच्या मातीत हा खेळ आणायचाच कशाला? आपला खेळ कुस्ती. खरं आहे, बास्केटबॉल आपल्याकडे मिशनऱ्यांच्या आणि वायएमसीएच्या हाताने आला, म्हणूनच तो सिस्टर्सच्या शाळांत जास्त दिसतो. मलाही तो तिथेच मिळाला. पण परकं ते आपलंसं करण्यात आमचं कुरुंदवाड कधी मागे नव्हतं, आणि जिना कसा बांधतात तेही याच गावाला चांगलं ठाऊक आहे. दोन उदाहरणं देते.

पहिलं जुनं आहे. कुरुंदवाड संस्थानात विष्णुपंत छत्रे घोड्यांना शिकवायचे काम करत. किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. हिंदुस्थानात स्वतःची सर्कस व्हायला अजून वेळ आहे, असं काहीतरी तो बोलला आणि छत्र्यांना ते लागलं. २० मार्च १८८० ला त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ मुंबईत झाला. म्हणजे आधी काय झालं? घरची कंपनी. फिरत फिरत ही सर्कस मलबारात तलश्शेरीला गेली. तिथे किलेरी कुन्हीकन्नन हे कसरतीचे शिक्षक छत्र्यांना भेटले आणि त्यांनी सर्कशीसाठी मुलं तयार करायला घेतली. पुढे त्यांनी शाळाच काढली. मग काय झालं? कंपनीला शाळा मिळाली. आणि त्याच तलश्शेरीचा कन्नन बॉम्बेयो १९३० च्या दशकात दोरीवरच्या कसरती करत युरोप-अमेरिकेच्या बड्या सर्कशींत पोचला. कंपनी, शाळा आणि मग परदेश. क्रम लक्षात घ्या. पहिली पायरी कुरुंदवाडच्या घोड्याच्या पागेत होती!

दुसरं उदाहरण ताजं आहे. २०१४ ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये गणेश माळी (५६ किलो), ओंकार ओतारी (६९ किलो) आणि चंद्रकांत माळी (९४ किलो) या तिघांनी कांस्यपदकं आणली. तिघेही कुरुंदवाडचे. एका छोट्या गावातून एकाच स्पर्धेत तीन पदकं! हा योगायोग नव्हे. तिथे व्यायामशाळा होती, रोज शिकवणारा माणूस होता, आणि मोठा मुलगा उचलतोय ते बघून लहान मुलगा उचलत होता. थोडक्यात, छोटा का होईना, पण जिना होता.

हे सगळं मी का लिहितेय? आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, नववीतली. उंची आत्ताच पाच फूट दहा. शाळेच्या मैदानावर एक रिंग आहे, जाळी नाही, खाली माती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत गाव पाण्याखाली गेलं, त्यानंतर ती रिंग थोडी कललीय. तरी पोरगी संध्याकाळी तिथेच असते. सुट्टीला गेले की मी तिच्यासोबत खेळते आणि खरं सांगते, दोन वर्षांत ती मला हरवणार. परवा तिच्या आईने मला थांबवलं. "तू शिकल्याली हाईस म्हणून इचारते. पोरगी उंच हाय, खेळती बी चांगलं. पर ह्या बॉलनं पुढं काय हुतंय? लोक म्हणत्यात एवढ्या उंच पोरीला नवरा कुठला बघायचा!"

नवऱ्याचं राहू दे. पण पहिला प्रश्न शंभर टक्के खरा आहे आणि त्याला "स्वप्नं बघा, मोठी बघा" असलं उत्तर देणं मला जमलं नाही. मी सांगितलं, "काकी, अमेरिकेचं आज कुणी सांगू नये. पण ती जिल्ह्याला खेळली, मग राज्याला खेळली, तर कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश मिळतो, रेल्वेत जागा निघतात. पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली, ती मुलगी आपल्याच महाराष्ट्रातली. एकेक पायरी बघूया." काकींनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "पर पहिली पायरी कुठली?"

त्या पहिल्या पायरीचं उत्तर अमेरिकेत नाही, दिल्लीतही नाही. ते आपल्या कॉलेजच्या मागच्या बाजूला आहे. सिमेंटचं कोर्ट, दोन धड बोर्ड, दिवे. आठवड्यातले सहा दिवस संध्याकाळी दीड तास वापर आणि रविवारी कुलूप! कुलूप का, तर "बाहेरची मुलं येतात". अहो, यायलाच पाहिजेत की!

म्हणून माझं म्हणणं तीन वाक्यांत. एक, रविवारी सकाळी हे कोर्ट आसपासच्या शाळांतल्या मुलामुलींना उघडं करा, आम्ही टीमच्या मुली शिकवायला थांबू. दोन, कोल्हापूर-सांगली भागातल्या पाच-सहा इंजिनियरिंग कॉलेजांनी मिळून बाद पद्धतीची नव्हे, साखळी पद्धतीची स्पर्धा घ्यावी, म्हणजे हरलेल्या टीमलाही वर्षाला दहा सामने मिळतील. तीन, सामन्याच्या दिवसाची हजेरी देताना आम्हाला तीन टेबलांवर सह्या मागत फिरायला लावू नका.

यातून एनबीए खेळाडू निघेल का? पाच-दहा वर्षांत तरी नाही, आणि निघेल असं सांगणारा तुम्हाला टोपी घालतोय असं समजा. पण जी मुलं येतील त्यांना सरावात समोर कुणीतरी उंच उभं असेल. त्यातला एखादा, एखादी पुढे बाहेर गेली आणि परत आली, तर तिला उतरायला जागा असेल. बाहेरून शिकून आलेला खेळाडू जर गावात कोच होऊ शकला, तर त्याच्या परत येण्याला कुणी हार म्हणणार नाही. एम.एस. करून परत आलेल्याला आपण हरला म्हणतो का? उलट गेस्ट लेक्चरला बोलावतो!

प्राचार्यांना द्यायचा अर्ज तयार आहे. सह्यांचा कागद जिमखान्यात ठेवलाय. मेकॅनिकलवाल्यांनो, गावातली ती कललेली रिंग सरळ करायला एक वेल्डिंगचं मशीन आणि दोन माणसं हवीत, तेवढं बघा. आणि ज्यांना बास्केटबॉलचा ‘ब’ येत नाही त्यांनीही यावं. स्कोअर लिहायला आणि शिट्टी फुंकायलाही माणसं लागतात.